श्रावणातला पगार

बडीशेपच्या ताटलीत तुम्ही नोट ठेवता ती वेटर खूश व्हावा म्हणून, की त्याच्या मालकाचा खर्च वाचावा म्हणून?

मला हा प्रश्न गजाननमुळे पडला. "कॅप्टन, एक बोलायचं होतं जी," म्हणत तो किचनच्या मागच्या दारात उभा राहिला. हातात अर्धवट सोललेली काकडी, चेहरा उतरलेला.

धायरीतल्या एका परमिट रूममध्ये, म्हणजे दारू मिळणाऱ्या हॉटेलात, मी तेव्हा कॅप्टन होतो. ऑर्डर घेणं आणि टेबलांवर लक्ष ठेवणं हे कॅप्टनचं काम. गजानन वेटर, यवतमाळकडचा. हॉटेलमागच्या चाळीत खोली घेऊन राहायचा. चाळही आमच्या शेठचीच.

"शेठ म्हणते, भाडं दे नाही तर महिनाअखेर खोली सोड. बायकोले गावाले धाडीन, पण पोरीची शाळा?"

हॉल रिकामा होता, कारण श्रावण लागला होता. आषाढात ज्यांना हॉटेल बंद करायची वेळ झाली म्हणून उठवावं लागायचं, तीच माणसं श्रावणात आमच्या दारावरून मान वळवून जायची. गिऱ्हाईक नाही, म्हणून टिप नाही. आणि टिप नाही, म्हणून गजाननला पगारही जवळजवळ नाही.

दोष बोर्डावरच्या एका शब्दाचा होता. 'वेटर पाहिजेत. टिपसह भरपूर पगार.' गजानन हा बोर्ड वाचून उन्हाळ्यात लागला, क्रिकेटच्या मॅचेस चालू असताना. तेव्हा रोज ताटल्या भरून यायच्या. त्याला वाटलं, कमाई ही अशीच असते. त्या भरवशावर त्याने खोली घेतली, बायकोला आणलं, जूनमध्ये मुलीला शाळेत घातलं. शेठ हातावर ठेवायचे ती रक्कम किती किरकोळ आहे, हे त्याला श्रावणानेच दाखवलं.

एवढं असूनही त्या हॉटेलची आठवण आली की मला आधी संध्याकाळचा चहा आठवतो. गिऱ्हाईक यायच्या आधी आम्ही सगळे उलट्या क्रेटवर बसायचो. आचारी पोहे करायचा. भांडी घासणाऱ्या मावशी त्याला म्हणायच्या, "मीठ तुझ्या बापाचं आहे का रे? जरा हात आखडून टाक." गजानन मुलीचं पाढे म्हणणं हुबेहूब करून दाखवायचा, सातवर अडखळण्यासकट. त्या दिवशी पोहे झाले, पण पाढे झाले नाहीत.

मी सरळ काउंटरवर गेलो.

"शेठ, गजाननचा पगार फिक्स करा."

"फिक्सच हाय की. टिपसह."

"टिप कुठाय? माणूसच फिरकत नाही."

"मग? श्रावण काय मी लावलाय?"

माझी आई हडपसरला कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटायची. मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवरच. त्यामुळे तोंड उघडलं की माझं पत्रक सुरू व्हायचं. श्रमाचं मोल, कामगाराचा हक्क, मालकाचा नफा, सगळं मी शेठना ऐकवलं. त्यांनी उदबत्ती लावत शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं? पाणी पी आता. घसा सुकला आसंल."

मागून गजाननचा आवाज आला. "शेठ, मीही एक सांगू का जी?"

"तू पण भाषण करणार?"

"नाही जी. माझ्या खोलीचं भाडं तेवढं टिपसह करून टाका. गर्दी असली का दुप्पट देतो. श्रावणात ताटलीत जे पडन, ते तुमचं."

आतून मावशींचं हसू फुटलं आणि पाठोपाठ आचाऱ्याचं.

"लई शाना झालास का रं?" शेठ ओरडले.

"नाही जी. बोर्डावर लिवलं हाये तेच म्हटलं."

शेठ पुढे बरेच दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. पण त्यांनी खोली सोडायला लावली नाही आणि पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना ठरलेला पगार सुरू झाला. मी मागितला होता त्याहून कमीच. टिप वेगळी, मावशींसकट सगळ्यांत वाटून. बोर्डावरच्या 'टिपसह'वर शेठनी स्वतः पांढरा रंग मारला. रंग पातळ होता, शब्द खालून दिसायचाच. गजाननची मुलगी शाळेत राहिली.

आज तिथे टाइल्सचं शोरूम आहे. मी दुसऱ्या, मोठ्या बारमध्ये आहे. इथे बडीशेप पाकिटातून येते आणि टिप मोबाइलवरून. इंटरव्ह्यूला मॅनेजर म्हणाला, "सॅलरी प्लस टिप्स, इझिली भागून जातं."

मी विचारलं, "आणि श्रावणात?"

त्याला तो विनोद वाटला.

टिप ही गिऱ्हाइकाची खुशी. ती दुसऱ्याच्या खुशीवर अवलंबून, म्हणून तिच्यावर घरभाडं ठरवू नये. आणि पगार ही मालकाची जबाबदारी, ती त्याने गिऱ्हाइकाच्या ताटलीत टाकू नये.

तुम्ही टिप जरूर द्या, ज्याने वाढलं त्याच्या हातात द्या. पण बिल भरताना काउंटरवर एक विचारा: "तुमच्या माणसांना टिप सोडून पगार किती?" वेटरला विचारू नका, त्याची नोकरी जाईल. मालकाला विचारा, आणि शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारा.