गॅरेजमधलं दावं

ज्या दिवशी गाव सोडलं त्याच दिवशी सकाळी माझा शेवटचा बैल गेला. हिऱ्या त्याचं नाव. घेणारा शेजारच्या गावचा, सात वाजताच दारात येऊन उभा राहिला. रस्त्यावर भाड्याची जीप हॉर्न देत होती. माझा मुलगा सतीश मला न्यायला अमेरिकेहून आला होता, तो सारखा घड्याळ बघायचा. "अण्णा, चला ना, फ्लाइट चुकेल." मी म्हटलं, चुकू दे. बैलाला पाणी पाजल्याशिवाय जन्मात कुणाच्या हातात दिला नाही, आज देणार नाही.

माझा जन्म जनावरांच्या बाजारात गेला. शाळा चौथीपर्यंत, ती पण बाजार नसेल त्या दिवशी. बैल घेऊन-विकून पोट भरणाऱ्याला आमच्याकडं हेडी म्हणतात. वडील हेडी, मी हेडी. वडिलांनी दोनच गोष्टी शिकवल्या. "सोडायच्या आधी पाणी पाज. आणि बैल दे, दावं देऊ नको." म्हणजे विकलेलं जनावर घेणाऱ्याच्या दोरीनं जायचं. ते ज्या दाव्यानं बांधलेलं असतं ते दावं आपल्याच घरात राहायचं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

हिऱ्या पाणी प्याला, नव्या दोरीनं निघून गेला. दावं माझ्या हातात राहिलं. गोठ्यात खुंटी होती, पण घराला कुलूप लागणार होतं. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. कुलूपबंद घरात दावं कुणासाठी ठेवायचं? पिशवीत कोंबलं. वाटेत एका ढाब्यावर नळाखाली धुतलं, तरी वास जाईना. अमेरिकेच्या विमानतळावर तिथल्या साहेबानं ते दोन बोटांनी उचललं. सतीश इंग्रजीत काहीतरी बोलला. साहेब हसला आणि परत दिलं. "काय सांगितलंस रे?" "काही नाही, अण्णा." हे "काही नाही" मला पुढं फार वेळा ऐकायचं होतं.

सतीश राहतो अ‍ॅशबर्नला, अमेरिकेच्या पूर्वेच्या अंगाला. त्याच्या घराला गॅरेज आहे. बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी एक खिळा रिकामा होता, तिथं मी दावं टांगलं. गावाकडचे विचारतात, म्हातारा तिकडं दिवसभर काय करतो. जे माझ्यासारखे पोरांमागं इकडं आलेत त्यांना विचारावं लागत नाही. सतीशच्या घराच्या आजूबाजूला बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती आहेत. आत माणसं नाहीत, कॉम्प्युटरची मशिनं. सतीश त्या मशिनांवर नजर ठेवतो. सून मृणाल नागपूरची, ती पण नोकरीला. मी आपला फेरी मारायचो, भाकरी थापायचो आणि टीव्ही बघायचो.

टीव्हीवर फुटबॉल. आपला नव्हे, अमेरिकेचा, हातानं खेळायचा. मृणालला त्याचं वेड. सुरुवातीला मला काही गोडी लागली नाही. पाच सेकंद ढकलाढकली आणि पाच मिनिटं जाहिराती. पण फेब्रुवारीत खेळ संपला, मैदानं रिकामी झाली, तरी टीव्हीवरची माणसं बोलतच होती. मी विचारलं, आता कशाबद्दल भांडतात?

मृणाल म्हणाली, "आता तर खरी मजा आहे, अण्णा. कोण कोणाला घेते, कोण कोणाला देऊन टाकते."

तेव्हा मी सरसावून बसलो. अहो, हा तर बाजार!

त्यांचा मुख्य गडी म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू फेकणारा तोच, अख्खी टीम त्याच्या भरवशावर. म्हणून बाजारात ओढाताण त्याचीच. एप्रिलमध्ये कॉलेजची पोरं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याच्या आधी पोरांना उघडं करून उंची, वजन, पळणं सगळं बघतात. आणि खरं सांगतो, क्वार्टरबॅकची वीत मोजतात. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. आम्ही दात बघायचो, खूर बघायचो, चार पावलं चालवून बघायचो. यांच्याकडं मशिनं असतील, पण बघतात तेच. एक गोष्ट मात्र मला आवडली. जी टीम सगळ्यात जास्त हरली, तिला पहिली निवड. आमच्या बाजारात हरलेल्याला असं कुणी पुढं उभं करत नव्हतं.

त्या वर्षी एका पोराचा फार गवगवा. मी त्याला टीव्हीवर चालताना बघितलं, हात बघितला आणि सांगून टाकलं, "वीत आखूड आहे, घेऊ नका." तोच पहिला निवडला गेला आणि आता चांगला खेळतो असं मृणाल सांगते. मला ते अजून पटलेलं नाही.

त्याच हिवाळ्यात मी दारातल्या बर्फावर घसरून पडलो होतो. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून घरात फोन वाढले. माझी मुलगी शोभा फ्रीमाँटला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथं बर्फ पडत नाही आणि ती घरूनच काम करते. एका रविवारी व्हिडिओ कॉल लागला. टेबलावर फोन उभा, त्यात शोभा, इकडं सतीश आणि मृणाल, मधे मी. आधी मराठीत तब्येत विचारून झाली. मग हळूहळू इंग्रजी सुरू झालं. विंटर. इन्शुरन्स. फ्रीमाँट. सिक्स मन्थ्स. मधेच सतीश माझ्याकडं बघून हसला.

"काय चाललंय?"

"काही नाही, अण्णा."

बाजारात सौदा कसा व्हायचा, ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे. मधे बैल. दोन हेडी समोरासमोर, हातावर टॉवेल टाकलेला, टॉवेलखाली बोटं दाबून भाव ठरायचा. आजूबाजूला शंभर माणसं, कुणाला काही कळायचं नाही. बैलाला तर नाहीच. मी पन्नास वर्षं टॉवेलखाली हात घातला. त्या दिवशी पहिल्यांदा मधे उभा होतो. इंग्रजी हाच त्यांचा टॉवेल.

मला राग आला असं नाही. पोरं वाईट नाहीत. पण शोभाकडं, म्हणजे जावयाच्या घरात जाऊन राहायचं, ते पण मला न विचारता! आमच्या सात पिढ्यांत कुणी लेकीच्या दारात मुक्काम टाकला नव्हता.

त्या दिवसांत टीव्हीवर मृणालच्या टीमचा जुना क्वार्टरबॅक गाजत होता, वय झालेला. त्याला दुसऱ्या टीमला द्यायचं मालकानं ठरवलं आणि सौदा अडला. मला कळेना, मालक तयार, गिऱ्हाईक तयार, मग अडलं कुठं? मृणालनं आधीच समजावलं होतं. "त्याच्या करारातच आहे, अण्णा. त्याचा होकार नसेल तर त्याला कुठे पाठवता येत नाही. मोठा खेळाडू आहे ना, त्यानं लिहूनच घेतलं."

फोनसमोर बसल्या बसल्या ते मला आठवलं. मी टेबलावर हात आपटला.

"सतीश, माझ्या करारात पण तेच लिही. मला विचारल्याशिवाय सौदा नाही."

मृणालनं तोंडावर हात ठेवला, तिला हसू येत होतं. शोभाला नाही आलं. फोनमधून ती म्हणाली, "मग तुम्हीच सांगा ना अण्णा. तुम्हाला कुठं राहायचंय?"

आणि बघा, मला सांगता येईना. गाव म्हणावं तर तिथं कुलूप. इथं म्हणावं तर बर्फ. तिथं म्हणावं तर जावई. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळं उत्तर कधी शोधलंच नव्हतं. मी म्हटलं, "ड्राफ्ट होऊ दे. मग सांगतो."

सतीश म्हणाला, "अण्णा, डोन्ट बी स्टबर्न." अर्थ विचारला नाही. समजला.

ड्राफ्ट व्हायच्या आठवडाभर आधी त्या जुन्या गड्यानं होकार दिला. लांब पश्चिमेच्या टीमकडं गेला. टीव्हीवर बोलायला उभा राहिला, तर मृणालचे डोळे भरले.

"एवढे दिवस अडून बसला होता, मग गेला कसा?" मी विचारलं.

"मालक स्वतः त्याच्या घरी गेले म्हणते. समोर बसून विचारलं."

ड्राफ्ट झाल्यावर मीच शोभाला फोन लावायला सांगितला. म्हटलं, येतो. पण एक अट. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलायचं तर मराठीत बोलायचं. भांडायचं असेल तरी मराठीत. जावई मागं उभे होते, मुंबईत वाढलेले. पुढं येऊन म्हणाले, "मान्य आहे, अण्णा. माझं मराठी जरा रस्टी झालंय, तेवढं सांभाळून घ्या." मी म्हटलं, चालेल.

जायच्या सकाळी मृणालनं बॅग भरून दिली. मी उघडून बघितली तर कपड्यांवर दावं, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. मी ते काढलं, गॅरेजमध्ये गेलो आणि परत खिळ्याला टांगलं.

मृणाल मागोमाग आली. "काय करून राहिले अण्णा? इतकं जपून आणलं गावाहून आणि इथंच टाकून चालले?"

"टाकून नाही. गावाहून निघालो तेव्हा मी विकणारा होतो. आज हिऱ्यासारखा जाणारा आहे. दावं घरातच राहतं."

ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. मी कधीतरी वडिलांचं सांगितलं असणार. उभ्यानं प्यालो, सगळं.

फ्रीमाँटला येऊन वर्ष होत आलं. हवा बरी आहे. जावई अट पाळतात, चुकले की स्वतःच जीभ चावतात. शोभाच्या हातची भाकरी तिच्या आईसारखी जाडच होते. दर रविवारी मृणालचा फोन येतो. आधी ती तिच्या टीमचं रडगाणं गाते, नवा पोरगा चेंडू कुठं फेकतो वगैरे. मग मी विचारतो, "दावं आहे ना खिळ्याला?"

"आहे, अण्णा."

मग मी फोन शोभाकडं देतो.