एस्तेरताईची तहान

त्या मंगळवारी सकाळी मी स्कूटर बाहेर काढत होते, तेवढ्यात सॅम्युएलभाऊंचा, म्हणजे एस्तेरताईच्या नवऱ्याचा, फोन आला. मंगळवार म्हणजे एस्तेरताईच्या डायलिसिसचा दिवस. तिला शरणपूर रोडवरच्या घरून घ्यायचं आणि दवाखान्यात पोहोचवायचं, हे काम गेली काही वर्षं मी माझ्याकडे घेतलं होतं. निघायला उशीर झाला की तीच फोन करायची, भाऊ कधी करत नसत. त्यामुळे पडद्यावर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच माझा हात थांबला. "सुजाता, आज येऊ नकोस," ते म्हणाले. मागे कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं. "म्हणजे... ये तू. पण तिचं हेल्मेट आणू नकोस."

त्या गोष्टीला आता दीड महिना होईल. पहाटे भिंतीला टेकून बसल्या बसल्याच तिचं हृदय थांबलं, असं भाऊ म्हणाले. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून शेवटचे काही आठवडे ती बसूनच झोपत होती.

एस्तेर साळवे आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो. ती मराठी, मी गणित. ती माझ्याहून बरीच मोठी, म्हणून ताई, पण पहिल्या वर्षातच तिने 'अहो-जाहो' बंद करायला लावलं. मी बौद्ध घरातली, ती ख्रिस्ती. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी एकदा आमच्या दोघींच्या मैत्रीचं नवल केलं, तेव्हा ती पोळीचा घास मोडता मोडता म्हणाली होती, "नवल कसलं? हिचे आजोबा एका वाटेने गावाबाहेर पडले, माझे दुसऱ्या. वेस एकच होती." एवढं बोलून ती पुन्हा जेवायला लागली. धर्मावर ती याहून जास्त बोलत नसे. रविवारी उपासनेला जायची, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी क्षणभर डोळे मिटायची, आणि वर्गातल्या पोरांना शुद्धलेखनावरून रडवायची. तिचा देव असा रोजच्या व्यवहारात मिसळलेला होता.

मूत्रपिंडं निकामी होत आल्याचं कळलं ते साध्या सुजेवरून. पायात चपला जाईनात. रक्तदाबाने आतल्या आत सगळं खाल्लेलं होतं. काही महिन्यांतच डाव्या हाताच्या शिरेचं ऑपरेशन झालं आणि ती मशीनवर आली. आठवड्यातले तीन दिवस त्या यंत्राचे, उरलेले थकव्याचे. नोकरी सुटली. पण या आजारात माणसाला खरं छळतं ते सुया नाहीत, हे मला तिच्यासोबत राहून कळलं. छळतं पाणी. शरीराबाहेर पाणी जायला वाटच नसते, म्हणून प्यायचं मोजून. चहा, डाळीचं पाणी, गोळी गिळतानाचा घोट, सगळं त्याच मापात धरायचं. एप्रिल-मे महिन्यात नाशकातसुद्धा आता अंग भाजतं, आणि या बाईने बर्फाचा एक खडा गालात धरून दुपार काढायची. मी तिच्यासमोर पाणी पिणं बंद केलं, तर ते तिच्या लगेच लक्षात आलं. "पी गं," ती म्हणाली. "तू पितेस तेव्हा निदान आवाज तरी ऐकू येतो."

प्रार्थनेने बरं करणारी माणसं याच काळात घरी येऊ लागली. त्यांतल्या एका बाईंनी तर स्पष्टच सांगितलं की विश्वास पुरेसा असता तर मशीन लागलंच नसतं, आता मशीन सोडून दाखवा. मी तिथेच बसले होते, माझं डोकं तापलं. एस्तेरताईने मात्र शांतपणे डोकं झुकवून त्यांच्याकडून प्रार्थना करून घेतली आणि मग म्हणाली, "उद्या सकाळी माझी मशीनवर पाळी आहे, त्यासाठीही दोन शब्द घाला. सुई नीट लागू दे म्हणावं." बाई पुन्हा आल्या नाहीत.

पण तिचा विश्वास कधी हललाच नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि तिला खोटं आवडत नसे.

तिचा एकुलता एक धाकटा भाऊ दानिएल पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत बसवण्यापर्यंत सगळं हिनेच केलेलं. सॅम्युएलभाऊंना स्वतःलाच मधुमेह, ते किडनी देऊ शकत नव्हते. दानिएल आपणहून पुढे आला. तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस ठरवला. ताईने त्या आठवड्यात मला पहिल्यांदाच पुढच्या वर्षाच्या गोष्टी सांगितल्या. पुन्हा शाळेत जायचं, घरी शिकवण्या घ्यायच्या, आणि एकदा तरी तांब्याभर पाणी एका दमात प्यायचं... आणि मग दानिएलचा फोन लागेनासा झाला. सॅम्युएलभाऊ पिंपळगावला जाऊन आले. दानिएल घरातच होता, पण बाहेर आला नाही. त्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, "दिवसभर क्रेट उचलायचं काम हे त्यांचं. दोन पोरी हायेत. उद्या काय झालं तर आम्ही कोणाकडं बघायचं?" ती बाई चुकीचं बोलली, असं मला तेव्हाही म्हणवलं नाही.

ताई रडली नाही, भावाला दोषही दिला नाही. पण त्यानंतर एक गोष्ट झाली. अशक्तपणामुळे मी तिला रविवारी चर्चमध्ये सोडायची आणि मागच्या बाकावर तिच्याशेजारीच बसून राहायची. सगळी मंडळी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात, ती ऐकून ऐकून मलाही पाठ झाली होती. त्यात एक ओळ येते, की आम्ही दुसऱ्यांना जशी क्षमा केली तशी तू आम्हाला कर. त्या ओळीला ताईचे ओठ मिटायचे. ओळ गेली की ती पुन्हा सगळ्यांबरोबर म्हणू लागायची. दर रविवारी हेच. एकदा परत येताना मी विचारलं. स्कूटरवर मागे बसलेली ती पुढे वाकली. मग म्हणाली, "जे मी केलेलं नाही ते केलं म्हणून देवाला कसं सांगू? त्याला काय कळत नाही होय?"

"मग पूर्ण प्रार्थनाच सोड ना काही दिवस."

"तेवढी एकच ओळ अडलीय गं. बाकीच्या ओळींनी काय केलंय?"

उत्तम शुक्रवारी, म्हणजे ख्रिस्ताच्या वधस्तंभाच्या दिवशी, त्यांच्याकडे भरदुपारी मोठी उपासना असते. मरणापूर्वी त्याने काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाचवा उद्गार तहानेचा आहे. या वर्षी पाळकसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, घरी येऊन ताईला विचारलं, की तहानेवर तुम्ही बोलाल का. विचारताना ते स्वतःच इतके अवघडले होते की भाऊ त्यांच्यासाठी पाणी आणायला उठले आणि वाटेतच थांबले. ताई हसली. "बोलते," म्हणाली. "या विषयात माझा अभ्यास झालाय."

त्या दुपारी चर्च गच्च भरलं होतं. पंखे गरम हवा फिरवत होते. ती पायऱ्या चढून वर गेली, दोन्ही हातांनी लाकडी कठडा धरला. अशा वेळी लोक साक्ष ऐकायच्या तयारीने बसतात, दुःखात देवाने कसं बळ दिलं वगैरे. ती शाळेत बोलायची तशीच बोलली, सावकाश. म्हणाली, "तहान जावी म्हणून मी प्रार्थना केली. ती गेली नाही. दुपारी घरात कोणी नसलं की मी फ्रिजचं दार उघडून बाटल्यांकडे बघत उभी राहते. मी शिक्षिका आहे, मला लाज वाटते, पण उभी राहते. पुष्कळ जण सांगतात की देव सर्वशक्तिमान आहे. असेल. माझ्या उपयोगी पडलं ते दुसरंच. वधस्तंभावर त्याचे ओठ सुकले होते, आणि ते त्याने लपवलं नाही. ज्याला कधी तहानच लागली नाही त्याच्याशी मी काय बोलले असते?" मग ती थांबली. मला वाटलं, दम लागला. "आणखी एक सांगायचंय. प्रभूच्या प्रार्थनेतली क्षमेची ओळ मला सध्या म्हणता येत नाही. तुम्ही म्हणता तेव्हा माझ्या वाटचीही म्हणा. मला जमेल तेव्हा मी म्हणेन." आणि ती खाली आली. माझ्या पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढला, तो उपासना संपेपर्यंत पुन्हा लावला नाही.

ही गोष्ट पिंपळगावपर्यंत कोणी नेली, कोण जाणे. ईस्टरनंतरच्या आठवड्यात दानिएल आला. नेमकी मी तिथे होते. दारातच उभा, कामावरचेच कपडे, हातात द्राक्षांची पेटी. रसाळ फळंही पाण्याच्या मापातच धरायची, म्हणून तिला द्राक्षं चालत नाहीत हेही त्याला ठाऊक नव्हतं. पेटी खाली ठेवून तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला. मग तो म्हणाला, "आक्का, मी तयार हाय आता. चल, डॉक्टरला सांगू."

ताईने माझ्याकडे पाहिलं. आदल्या महिन्यातच डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिच्या हृदयाला आता मोठं ऑपरेशन झेपणार नाही. हे ताई, भाऊ आणि मी, एवढ्या तिघांनाच माहीत होतं.

"आता नको रे," ती म्हणाली.

"रागावलीस?"

"रागावले होते."

"लय भ्यालो मी. टेबलावर झोपवतील, मग उठणारच नाय असं वाटायचं... तुझा फोन आला की घाम फुटायचा."

"मलाही दर वेळी भीती वाटते, दानू. तू एकटाच भित्रा आहेस असं समजू नकोस." तिने त्याचा हात ओढून घेतला आणि आपल्या डाव्या दंडावर ठेवला, जिथे ऑपरेशन केलेली शीर कातडीखाली सतत थरथरत असे. लहान मुलाला दाखवावं तसं म्हणाली, "बघ, कशी गुणगुणते. अजून चालू आहे." हृदयाचं त्याला तिने सांगितलंच नाही. आपल्यामुळे उशीर झाला हे ओझं त्याने जन्मभर वाहावं, असं तिला वाटत नव्हतं. पुढे ते त्याला कळलं, पण तिच्या तोंडून नाही. तो गेल्यावर तिने पेटी उघडली, एक द्राक्ष सोललं आणि खूप वेळ जिभेवर ठेवून बसली.

त्या रविवारी मी मुद्दाम कान देऊन होते. ओळ आली. मंडळी म्हणाली, ताईचे ओठ मिटलेलेच. मंडळी पुढच्या ओळीला गेली, आणि तेव्हा माझ्या शेजारून अगदी हळू, एकेक शब्द सुटा करत, ती मागे राहिलेली ओळ ऐकू आली. तिचा आवाज पुरला नाही, मधेच तुटला. पण तिने पूर्ण केली.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. दानिएल दफनाला आला, खांदा दिला, मूठमाती देताना मात्र त्याला दोघांनी धरावं लागलं. मी माझ्या रीतीने मनातल्या मनात त्रिशरण म्हटलं. तिला चाललं असतं.

मागच्या रविवारी सॅम्युएलभाऊंनी मला जेवायला बोलावलं. भात, आमटी, मेथीची भाजी, सगळं त्यांनीच केलेलं. ताईच्या आजारात अळणी होणाऱ्या त्या आमटीत आता मीठ होतं. ताटं वाढून झाली, आम्ही दोघं समोरासमोर बसलो, आणि मग दोघेही थांबलो. त्या घरात जेवणाआधीची प्रार्थना कायम तीच करायची. भाऊ डोकं झुकवून शेवटी फक्त 'आमेन' म्हणायचे, तेवढंच त्यांचं काम.

"मला शब्द सुचत नाहीत," ते ताटाकडे बघत म्हणाले. "इतकी वर्षं ऐकलं, पण ती रोज वेगळंच म्हणायची."

मला तर काहीच म्हणता येण्यासारखं नव्हतं. तरी मी डोळे मिटले. त्यांनीही मिटले असावेत. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, शेजारच्या घरी कोणीतरी कुकर लावला होता. एक माणूस सावकाश बोलला तर जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ आम्ही तसेच बसून राहिलो. मग भाऊ हळूच म्हणाले, "आमेन." आणि आम्ही जेवायला सुरुवात केली.