अर्धा ओढलेला प्लग

‘ओढू?’ असं ती विचारायची आणि कुणी हो म्हणायच्या आत ओढायची. भिंतीतला प्लग. टेबलावरचा डबा फुस्स करून बंद पडायचा, त्याचा पंखा उगाच जरा फिरून थांबायचा, आणि ही खुर्चीत मागे टेकून असा सुस्कारा टाकायची की वाटावं, वीज हिचीच गेली.

हेच तिचं काम होतं. बनशंकरीत आमचं छोटं ऑफिस आहे. दवाखान्यांचे फोटो आणि रिपोर्ट साठवायचे डबे आम्ही बनवतो. आत डिस्क, त्यावर आमचं सॉफ्टवेअर. डबा फायली लिहीत असताना मध्येच वीज तोडायची, परत चालू करायची आणि लिहिलेलं जसंच्या तसं आहे का बघायचं. दिवसभर तेच. मी लागलो तेव्हाही ती तेच करत होती, आणि तिच्या तोंडाकडे बघून वाटायचं, ही शाळा सुटल्यापासून हेच करत असणार.

वीज तोडायला आपोआप चालणारा स्विच मिळतो. मॅनेजरने आणलासुद्धा. ती म्हणाली, ‘हा फार सभ्यपणे तोडतो रे. दवाखान्यात वीज झाडू तोडतो, अडखळलेला पाय तोडतो.’ स्विच खोक्यातच राहिला.

चामराजपेटच्या जुन्या मराठी घरातली. आजोबांच्या आधीपासून तिथलेच. त्यामुळे मराठीत मध्ये मध्ये कन्नड असं यायचं, जसं पोह्यात दाणे. ‘स्वल्प थांब’, म्हणजे जरा थांब, हे दिवसातून किती वेळा, ते मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही. सगळं ऑफिस तिला अक्का म्हणायचं, तिच्याहून मोठा वॉचमनसुद्धा.

आणि दुसरं वाक्य, ‘परत वाच.’ मी म्हणावं, अक्का, मेल पाठवला. ती म्हणणार, पाठवलास ते तुझं झालं, पोचला का ते बघ. कॅन्टीनवाल्याला दोन इडली-एक वडा सांगितला की त्याच्याकडून वदवून घेणार. रिक्षावाल्याला पत्ता सांगून परत त्याच्या तोंडून ऐकणार. एकदा एक रिक्षावाला वैतागून म्हणाला, अक्का, माझा जन्म चामराजपेटचा. ही म्हणाली, ‘सरी, असेल. मग म्हणायला काय जातंय?’

तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल. त्याचं सगळं बरोबर असतं आणि म्हणूनच कुणाला त्याच्या शेजारी बसायचं नसतं. मला बसवलं होतं. मी निपाणीचा, मराठी शाळेतला, गॅदरिंगला हेडमास्तरांची नक्कल करून हेडमास्तरांकडूनच छडी खाल्लेला. ऑफिसात मी मॅनेजर करायचो, वॉचमन करायचो, कॅन्टीनवाला करायचो, आणि साहजिकच अक्का. ओढून ओढून दुखणारा खांदा तिच्यासारखा धरायचा, डोळे अर्धे मिटायचे, ‘ओढू?’ करायचं. लोक हसून टेबलावर पडायचे.

एकदा ती मागेच उभी होती. सगळ्यांनी माना स्क्रीनमध्ये घातल्या. मी वळलो, माझा चेहरा वीज गेलेल्या डब्यासारखा.

‘परत कर,’ ती म्हणाली.

केलं. काय करणार?

‘पहिल्यांदा एक स्वल्प होता, आता दोन झाले,’ ती म्हणाली. ‘कॉपी बिघडायला लागली बघ.’ आणि जाऊन प्लगजवळ बसली.

मग एका डोळ्यांच्या दवाखान्याची ऑर्डर आली. मोठी. मॅनेजर आठवडाभर शीळ घालत फिरत होता. डबे पाठवायच्या आधीच्या शेवटच्या तपासणीत अक्काने मला हाक मारली. स्क्रीनवर एका पेशंटच्या डोळ्याचा फोटो होता. नाव बरोबर, साइझ बरोबर, डबा म्हणत होता सगळं ठीक. पण फोटोचा वरचा अर्धा भाग एका डोळ्याचा होता आणि खालचा दुसऱ्याच कुणाच्या. नीट बघितलं नसतं तर कळलंही नसतं. डॉक्टरने त्यावर ऑपरेशन ठरवलं असतं.

मॅनेजर म्हणाला, एक ही बार हुआ ना? ती म्हणाली, पेशंटलाही एकदाच होईल. तो म्हणाला, ठीक आहे, शुक्रवारपर्यंत परत करून दाखव, नाहीतर डबे जाणार. आणि ते खरंच गेले असते. टेम्पो सांगून झाला होता.

मी फायली लिहायला लावायचो, ती ओढायची. ओढायची, लावायची, वाचायची. सगळं बरोबर. डबा इतका शहाण्यासारखा वागत होता की चीड यावी. मी म्हणालो, अक्का, मी ओढतो, तुम्ही बसा. ती म्हणाली, ‘तू जोरात ओढतोस.’ तिचा उजवा खांदा तेव्हा कानाला चिकटल्यासारखा वर गेलेला. मी त्याची नक्कल करायची थांबवली होती, ते कुणी सांगितलं म्हणून नाही.

शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर तिने ‘ओढू?’ म्हटलं आणि हात अर्ध्यातच राहिला. ताकदच संपली. प्लग थोडा बाहेर आला, आणि तिचा हात खाली पडताना परत आत बसला. डबा बंदसुद्धा पडला नाही. त्याच्यावरचा दिवा जरासा मंद झाला, बस. मी म्हणालो, हे राहू दे, परत करा.

‘स्वल्प थांब,’ ती म्हणाली. ‘आधी वाच.’

वाचलं. वर एक डोळा, खाली दुसरा.

तिने आपल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, ‘त्या दिवशी पण दमला होता हा.’

घोटाळा असा होता. वीज पूर्ण गेली की डबा उठल्यावर सगळं तपासून घ्यायचा. पण क्षणभरच हलली की डबा जागाच, फक्त आतली डिस्क दचकायची आणि हातातलं टाकून द्यायची. डब्याला मात्र ती आधीच ‘लिहिलं’ म्हणून बसलेली. डब्याने विश्वास ठेवलेला. तिथे जुन्या, पुसलेल्या फोटोचं जे पडलं होतं तेच नव्याच्या खाली दिसायचं. नीट ओढणाऱ्या कुणालाच हे सापडलं नसतं.

टेम्पो रिकामा गेला. दुरुस्तीला पुढे बरेच दिवस लागले. आता फोटोच्या प्रत्येक तुकड्यावर खूण असते, वाचताना खूण जुळली नाही तर डबा फोटो दाखवत नाही, सरळ म्हणतो वाचता येत नाही. मॅनेजर कुरकुरला, गिऱ्हाईकाला असं बरं दिसत नाही. अक्का म्हणाली, ‘खोटं दाखवण्यापेक्षा नाही म्हणू दे की त्याला. त्यात लाज कसली?’

खांदा दाखवल्यावर डॉक्टरने तिला ओढायला बंदी केली. खोक्यातला स्विच निघाला. सॉफ्टवेअरच्या मुलांनी त्याला एक जादा धडा शिकवला, अर्धवट ओढून सोडायचा. त्या तपासणीचं नाव अक्का. ती नोकरी सोडून जायच्या दिवशी सगळ्यांनी मला नक्कल करायला लावली. तिने शेवटपर्यंत ऐकली. ‘आत्ता बरोबर आहे,’ म्हणाली. ‘मधून मधून फोन करून ऐकवत जा. तपासून देते.’

मी करायचो फोन. ती चुका काढायची. सुस्कारा लांबला, स्वल्प घसरला. हसायची नाही, पण फोन पण ठेवायची नाही. गेल्या वर्षी ती गेली. चामराजपेटला गेलो होतो मी, दारात चपलांमध्ये तिच्या चपला पण होत्या.

आता ऑफिसात नवीन पोरं आहेत. त्यांना अक्का म्हणजे स्विचमधली एक तपासणी. परवा एकाने म्हटलं, तू अक्का मस्त करतोस म्हणे, कर की. मी उठलो, खांदा धरला, डोळे अर्धे मिटले. आधी मनातच ‘ओढू’ म्हणून बघितलं आणि कळलं, आवाजाचा वरचा भाग तिचा आहे, खालचा कॅन्टीनवाल्याचा.

पोरं वाट बघत होती.

‘वाचता येत नाही,’ मी म्हणालो आणि खाली बसलो.