भाऊंच्या गाडीत मी जे बोललो

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तरी आता चालेल.

आधी घरचं सांगतो. माझे बाबा हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी आले की भुवयांत, कानांत, मिशीत रुई अडकलेली असायची, आणि मग खोकला. आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. माझं अभ्यासाचं टेबल म्हणजे धान्याच्या कोठीचं झाकण. आईला ज्वारी काढायची असली की अभ्यास थांबायचा. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्याचा मला गर्व आहे, लपवत नाही. मानसशास्त्रात एम.ए. केलं. वर्धेजवळच्या एका खाजगी संस्थेच्या कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा बाबांनी जिनिंगमधल्या सगळ्यांना चहा पाजला.

नोकरी भाऊंनी दिली. भाऊ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. नाव सांगत नाही. आमच्याकडे दर तालुक्यात एक तरी भाऊ असतोच.

तुम्ही त्यांना भेटला असता तर तुम्हालाही आवडले असते. कोणाच्याही मातीला भाऊ हजर. शिपायाचा बाप वारला तरी तेरवीच्या पंगतीत खाली बसून जेवणार. मेलेल्या म्हाताऱ्याचं नाव, त्याचा कोणता गुडघा दुखायचा, कोणत्या लेकीवर जीव होता — सगळं त्यांच्या तोंडी. बोलता बोलता डोळे भरून यायचे. लोक म्हणायचे, "एवढा मोठा माणूस, पण आपल्या बुढ्याचं त्याले सारं ठाऊक."

ते सारं मी सांगितलेलं असायचं. गाडीत.

गावोगावची पोरं माझ्या हाताखालून गेलेली, त्यांची घरं मला माहीत. भाऊ मला मागच्या सीटवर शेजारी बसवायचे. "हं मास्तर, सांग. घरात कोण कोण हाय? दुखते कुठं?" मी सांगायचो. सेलूकडच्या एका गावात एका तरण्या बाईचा नवरा वीज पडून गेला होता. भाऊ तिच्या लेकराला मांडीवर घेऊन रडले. अख्खं अंगण रडलं. मीही रडलो. गाडीचं दार लागलं, आणि भाऊ ड्रायव्हरला म्हणाले, "चाल बे, तर्री-पोहे पाह्य कुठं भेटते तं. या लोकाईनं चहा बी धड नाई पाजला." मग माझ्याकडे वळून हसले — मी आतला माणूस असल्यासारखे.

बी.ए.च्या पोरांना मी दरवर्षी हेच शिकवतो. मनोविकृत व्यक्तिमत्त्व. वरवरची मोहिनी असते, दुसऱ्याच्या दुःखाची भाषा येते पण ते दुःख आत पोचत नाही, पश्चात्ताप नसतो, माणसं वापरून टाकून दिली जातात. एखादं पोरगं विचारतं, "सर, असे लोक जेलातच असतात का?" मी म्हणायचो, सगळे नाही रे, काही खुर्चीवर असतात. वर्ग हसायचा. मी कोणाबद्दल बोलतो आहे हे मला पक्कं ठाऊक असायचं.

मग मी गाडीत का बसत राहिलो? — कारण ती सीट मला आवडायची. रस्त्यावरचे लोक काचेतून मला बघायचे, ते आवडायचं. आणि आणखी एक. मला वाटायचं, भाऊ सगळ्यांशी तसे असतील, माझ्याशी नाहीत. प्रत्येकाला असंच वाटत राहतं, हेही मी शिकवतो.

आता गजाननचं. इथं लिहिणं अडतं.

गजानन इतिहास शिकवायचा. वर्धेत शिकत असताना आम्ही पिपरी मेघेत एका खोलीत राहायचो, एका स्टोव्हवर भात लावायचो. संस्थेत तो माझ्या वर्षभर आधी लागला. बाबा दवाखान्यात असले की माझ्याआधी तो तिथं बसलेला असायचा. पहिल्या मुलीच्या बाळंतपणानंतर त्याच्या बायकोचं मन बिघडलं. एका दुपारी ती लेकराला घेऊन विहिरीच्या काठावर जाऊन बसली. गजाननच्या आईनं तिला धरून घरात आणलं. औषधोपचार झाले, ती चांगली बरी झाली. हे त्यानं मला आमच्या गच्चीवर सांगितलं. "मायले ठाऊक हाय, अन् आता तुले. कोणाजवळ बोलू नको बाप्पा." मी त्याच्या हातावर हात ठेवला.

जुने प्राचार्य निवृत्त व्हायला आले होते. ज्येष्ठतेनं नंबर गजाननचा, त्याच्या मागं माझा. "हे नियमात नाई बसत भाऊ," असं मीटिंगमध्ये म्हणणारा तो एकटाच. आर्वीकडच्या एका तेरवीवरून परत येताना भाऊ म्हणाले, "तुह्या दोस्ताचं काय करावं रे? माणूस चांगला हाय. त्याले नाई कसा म्हणू?" आणि काचेबाहेर पाहू लागले.

तोंडातून निसटलं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. — निसटलं नाही. मी पाण्याची बाटली उघडली, घोट घेतला, झाकण फिरवून घट्ट लावलं. एवढा वेळ माझ्याकडे होता. मग सांगितलं. विहीर, लेकरू, डॉक्टर, गोळ्या. हळहळत्या आवाजात सांगितलं. तो आवाज मी कोणाकडून उचलला होता, हे वेगळं सांगायला हवं का?

भाऊ फक्त "अरेरे" म्हणाले.

पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी गजाननला जवळ बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. "गजानन, सूनबाईची तब्येत बरी हाय ना आता? विहिरीवर जाळी बसवून घे बाबा, लेकरू लहान हाय." डोळ्यांत पाणी. मग आमच्याकडे वळून, "एवढं दुःख घेऊन हिंडून राह्यला हा माणूस, अन् आपल्याले एका शब्दानं सांगत नाई. याच्यावर कॉलेजचा भार मी कोणत्या तोंडानं टाकू?" दोन मॅडमनी रुमालानं डोळे टिपले. बाजूचे सर मला हळूच म्हणाले, "देवमाणूस हाय." गजानन भाऊंकडे पाहत नव्हता. माझ्याकडे पाहत होता. मी पंख्याकडे पाहिलं.

बातमी बाहेर जायला कितीसा वेळ लागतो? त्याची बायको दिसली की शेजारणी आपापली लेकरं जवळ ओढून घ्यायच्या. बरी झालेली बाई पुन्हा घराबाहेर पडेना. गजाननानं राजीनामा दिला, पुलगावला बिऱ्हाड नेलं. तिथं शिकवण्या घेतो. माझ्याशी भांडलासुद्धा नाही. भांडला असता तर — नाही, हे वाक्य मी पुरं करणार नाही.

त्यानंतर गाडीतली माझी सीटही गेली. तिथं एक नवे सर बसू लागले. मला वाटलं, आता माझा मान वाढला म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात बाबा गेले. गजानन मातीला आला. खांदा दिला, आईजवळ दोन मिनिटं बसला, आणि माझ्याशी न बोलता बसस्टँडकडे चालत गेला.

तिसऱ्या दिवशी भाऊ आले. आईसमोर खाली बसले. म्हणाले, "शेवटी शेवटी एकच इचारत होते ना वो तुमाले, तू जेवली का म्हणून?" आई हुंदके देऊ लागली. ही गोष्ट मी बाबा आजारी असताना स्टाफरूममध्ये फक्त त्या नव्या सरांना सांगितली होती. ते बाहेर गाडीजवळ उभे होते. भाऊंनी माझा हात दाबला. "आता मी हाय ना." हेच वाक्य, हाच हात, मी कितीतरी अंगणांत पाहिला होता. मी त्यांच्या लेखी आतला माणूस कधीच नव्हतो. माझं घरही वाटेवरचं एक घर होतं. फसवलं गेल्यासारखं वाटलं. कोणत्या तोंडानं? — तरी वाटलं. आणि सगळं ठाऊक असून मी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून रडलो. गाडीचं दार लागल्यावर काय होणार, हेही माहीत होतं.

गजाननच्या घरची गोष्ट भाऊंना मी सांगितली. समजून उमजून, प्राचार्याच्या खुर्चीसाठी सांगितली. ती खुर्ची मला मिळाली. गजाननानं राजीनामा दिला त्या वर्षीच्या जूनपासून मी प्राचार्य आहे.