भेव कवा लागलं?

गाडी दारात उभी राहिली की कुठलाही मिस्त्री विचारतो, काय झालं. कानवाले काका तसं कधी विचारत नसत. ते आधी गाडीकडे बघतही नसत. आपल्या तोंडाकडे बघत आणि विचारत, "भेव कवा लागलं?"

जरीपटक्याच्या बाजारामागे त्यांचं गॅरेज होतं. हातभर लांब, लाकडी मुठीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, हे त्यांचं मुख्य हत्यार. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतल्या आवाजावरून दुखणं सांगायचे, म्हणून नाव पडलं कानवाले काका. खरं नाव मी कधी विचारलं नाही.

मी रोज गाडी चालवत खाप्याच्या शाळेत शिकवायला जाते. मागच्या सीटवर तीन सहकारी बायका असतात. मी जात्याच भित्री. मी गाडी चालवताना आरशापेक्षा देवाकडे जास्त बघते, असं नवरा म्हणतो. तर एवढी भित्री बाई काकांकडे पहिल्यांदा गेली आणि चक्क खोटं बोलली. म्हटलं, कालपासून थोडासा आवाज येतोय.

"आवाजाचं राहू द्या मॅडम. भेव कवा लागलं तुमाले?"

मग मी घडाघडा सगळं ओकले. पंधरा दिवसांपूर्वी सावनेर रोडवर ट्रकला मागे टाकायला गेले. पाय दाबला, तशी इंजिनातून स्टीलच्या डब्यात तांदूळ हलवावेत तशी खडखड आली आणि गाडी पुढे सरकेचना. समोरून बस. मागे तिघींनी माझ्या सीटची पाठ घट्ट धरली. बस इतकी जवळून गेली की तिच्या वाऱ्यानं आमची गाडी हलली. त्या दिवशी फळ्यावर तारीख लिहिताना माझं अक्षर वाकडं आलं, आणि तरीही पंधरा दिवस मी स्वतःला समजावत राहिले की काही नाही, होतं असं.

"पाय उचलला का आवाज जाते?"

"हो."

"चढावर वाढते?"

"हो."

"मंग आतलं काही मोडलं नाही अजून. पेट्रोल वेळेच्या आधीच पेटून राहिलं. गाडीले ते समजते, म्हणून गाडी आपला जोर कमी करते. भेली बिचारी. तुमच्यापेक्षा शहाणी आहे."

त्यांनी प्लग काढून दाखवले. टोकं जळून पांढरी पडली होती. बाटलीत पेट्रोल काढून उन्हात धरलं, हुंगलं आणि नाक मुरडलं. टाकी रिकामी केली, इंजिनातली काजळी काढली, नवे प्लग घातले, पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरत जा म्हणून सांगितलं. मग मला चालवायला लावून स्वतः मागच्या सीटवर डोळे मिटून बसले. पुलाच्या चढावर गाडी गुमान चढली. उतरताना म्हणाले, "जा आता. पण भीत जा." निरोप द्यायची ही त्यांची रीत होती.

"काही नाही" हे दोन शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी येत नसत. एकदा चहा पिताना कारण कळलं. तरुणपणी एका जीपवाल्याला ते म्हणाले होते, काही नाही, जाऊन ये. जीप त्याच दिवशी भर रस्त्यात बंद पडली आणि मागून ट्रक आला. जीपवाल्याचा पाय गेला. "लंगडत येते अजून, चहा पाजते मले," काका म्हणाले आणि कप धुवायला उठले.

या उन्हाळ्यात माझ्या गाडीत पुन्हा ते तांदूळ हलायला लागले. मी त्याच दिवशी दुपारी गॅरेज गाठलं. काकांनी गाडी गिअरमध्ये टाकायला लावली, हँडब्रेक ओढून क्लच अर्धा सोडायला लावला. इंजिन कण्हायला लागलं, खडखड सुरू झाली. काकांनी पेचकस टेकवला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "काही नाही."

बससमोरसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

"काका, येतोय आवाज. मला ऐकू येतोय."

त्यांनी मूठ दुसऱ्या कानाला लावली. पुन्हा पहिल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी मूठ दातांत घट्ट धरली. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा उतरला.

"आहे वं पोरी. दातात वाजून राहिलं. कानात काहून नाही?"

मी 'मॅडम'ची 'पोरी' कधी झाले, मला कळलंही नाही. मी गाडी बंद केली आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "काका, भेव कवा लागलं?"

"दिवाळीपासून," ते स्टुलावर बसत म्हणाले. "बोलणं ऐकू येते. बारीक आवाज येत नाही. घरची म्हणे कुकरची शिटी झाली, मले वाटे मस्करी करते." मग एकदम माझा हात धरला. "दिवाळीपासून म्या किती जणाइले 'काही नाही' म्हटलं असंन?"

त्यांचा हात गार पडला होता. भर मे महिन्यात.

संध्याकाळपर्यंत आम्ही फोन लावत बसलो. त्यांच्या फोनमध्ये नावं नव्हतीच, गाड्या होत्या: लाल गाडी गुरुजी, निळी टॅक्सी, पांढरी व्हॅन खापा. प्रत्येकाला एकच निरोप: माझं ऐकणं चुकलं, गाडी चालवू नको, दुसऱ्याले दाखव. सगळे लागले. पांढरी व्हॅन लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या व्हॅनमधून माझ्याच शाळेची पोरं आपापल्या गावी जात, पण कोण कुठल्या गाडीत बसतं ते मी कधी बघितलं नव्हतं, आणि आता शाळेला सुट्टी होती, म्हणून विचारायचं तरी कुणाला? काका दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी नवऱ्याची गाडी घेतली आणि त्यांना खाप्याला नेलं. वाटेत रस्त्याच्या कडेला काहीही पांढरं दिसलं की ते पुढे वाकून बघत. मीही बघत होते.

विचारत विचारत घर सापडलं. व्हॅन अंगणात होती. धुळीनं माखलेली, चाकांपुढे विटा लावलेल्या. व्हॅनवाला बाजेवरून उठला. फोन नदीत पडला होता म्हणे.

"होळीपासून उभीच आहे काका. सुट्टी लागेपर्यंत पोराइले भावाच्या गाडीनं पोचवलं."

"काहून गा? म्या त काही नाही म्हटलं होतं तुले."

"म्हणून तं!" तो म्हणाला. "तुमी कवा 'काही नाही' म्हणत नाही. तवाच भेव लागलं मले."

काका तिथेच विटांजवळ खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. व्हॅनवाला पाणी आणायला आत पळाला.

परतल्यावर त्यांनी गॅरेज बंद केलं, ते कायमचंच. पावसाळ्यात ते लेकाकडे मिहानजवळ राहायला गेले. निरोप घेताना मीच म्हणाले, "भीत जा काका." त्यांना ते नीट ऐकू आलं आणि ते हसले.

आता मी दुसऱ्या मिस्त्रीकडे जाते. तो गाडीला यंत्र जोडतो, पडद्यावर बघतो आणि विचारतो, काय झालं मॅडम? मी आधी त्याला सांगते, मला भीती कधी वाटली ते.