गारांचं यंत्र

आमच्या आतोबांनी आमच्या तंबाखूचं जेवढं वाटोळं केलं, तेवढं टोळधाडीलाही जमलं नसतं. टोळ निदान न बोलावता येतात. आतोबांना आम्ही दर पौषात कोगनोळीला बैलगाडी पाठवून आणवायचो, पाटावर बसवून पुरणपोळी वाढायचो आणि मग माझे वडील, अण्णा, हात जोडून विचारायचे, "दाजी, औंदा गारा हायती का?" दाजी तुपाचा हात मिशीला लागू न देता म्हणायचे, "हायती." दरसाल हायती! त्यांचं कधी चुकलं नाही, चुकल्या त्या गारा. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, घरचे जावई, आणि जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही ही आमच्या घरची रीत. दुसऱ्या दिवशी विळे लागायचे. पान पिकून त्यावर तपकिरी ठिपके उठायच्या आत सगळं हिरवंगार कापून गोठ्यात टांगायचं. निपाणीचा व्यापारी एक पान चुरगाळून नाकाशी न्यायचा, खाली टाकायचा आणि म्हणायचा, "ह्यो पाला हाय, अण्णा." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अण्णा नुसते हसायचे.

या सगळ्याचं मूळ एका पितळी डबड्यात होतं. आतोबा बेळगावला कचेरीत कारकून होते, तेव्हा कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला. त्याच्या सामानाच्या लिलावात शहाण्या माणसांनी खुर्च्या घेतल्या, आतोबांनी हवेचा दाब दाखवणारं यंत्र घेतलं. काचेखाली काटा आणि भोवती इंग्रजीत ऊन, पाऊस, बर्फ, वादळ. काटा आणल्या दिवसापासून बर्फ आणि वादळ यांच्या मधोमध चिकटलेला. "सायबाच्या देशात बरफ पडतं, आपल्याकडं त्येच्याच गारा व्हत्यात," हा अर्थ आतोबांनीच लावला. खंडेनवमीला घरोघरी विळे-कोयते पुजतात, आतोबा यंत्र पुजायचे. रोज अंघोळ झाली की ओलेत्यानं काचेवर नखानं टकटक करायची आणि मान हलवायची. "माझ्याकडं इतकं कवा बघितलं न्हाईत," आत्या म्हणायची. हे गृहस्थ भर माघात छत्री घेऊन फिरत. पुतणीच्या लग्नात कापडी मांडव गारांनी फाटेल म्हणून यांनी पत्रे घालायला लावले. त्या भट्टीत नवरदेवाचं गंध कपाळावरून हनवटीपर्यंत उतरलं, दोन म्हाताऱ्यांना घेरी आली, आणि हे वर सांगतात, "पत्रं हुतं म्हणून वाचलासा!"

मी बेळगावला कॉलेजात गेलो आणि सायन्सच्या मास्तरांना हा प्रकार सांगितला. ते पोट धरून हसले. म्हणाले, असली यंत्रं समुद्रकाठच्या हवेवर बेतलेली असतात. आपण डोंगरमाथ्यावर, इथं हवा विरळ, काटा कायम खालीच, वादळाकडं राहणार. मागं एक स्क्रू असतो, तो एकदाच फिरवून काटा जागेवर आणायचा असतो.

"म्हणजे आमचे आतोबा वीस वर्षं..."

"हवामान नव्हे, आपल्या मुलखाची उंची सांगताहेत!"

त्या पौषात गाडी घेऊन मीच गेलो आणि आतोबांबरोबर यंत्रही उचलून आणलं. पंगतीत, सगळ्यांच्या देखत, सगळं बोलून टाकलं. स्क्रू फिरवला, काटा सरळ उन्हावर जाऊन बसला. "गप रं, जावई हायत!" अण्णा ओरडले. मी कसला गप बसतोय? आतोबांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि काटा बराच वेळ पाहिला. टकटक केली नाही.

"वीस वर्सं?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय."

"पावणं," ते अण्णांना म्हणाले, "औंदा विळा लावू नगा."

पान शेतात उभं राहिलं आणि आतोबा बांधावर बसले. घरी गेलेच नाहीत. सकाळपासून मान वर. पश्चिमेला मूठभर ढग आला तरी उठून उभे राहायचे. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "तू जा रं. त्यो ढग जाऊ दे." हा कसला हट्ट, म्हणून मी चिडायचो. गारा आल्या नाहीत. पान पिकलं, ठिपके उठले, आणि व्यापाऱ्यानं चुरगाळलेलं पान खाली न टाकता रुमालात बांधून नेलं. गावानं माझी पाठ थोपटली. आतोबा केव्हा निघून गेले ते कुणाला कळलंही नाही.

पुढच्या पौषात गाडी कोगनोळीला गेली ती एकट्या आत्याला घेऊन आली. "येत न्हाईत म्हणालं," ती म्हणाली. "म्हणालं, मला काय कळतंय, पोराला इचारा."

त्या दिवशी पश्चिमेला काळपट काहीतरी धरून आलं होतं. धुकं होतं, ढग होते, देव जाणे. अण्णा विळा हातात घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. "मग? पिकू द्यावं का कापावं?"

आतोबांनी आमच्याकडंच टाकून दिलेलं यंत्र भिंतीवर होतं, काटा उन्हावर होता. मी अंगणात जाऊन आभाळाकडं पाहिलं, आणि मला काही म्हणजे काही कळेना. वर्षाचं पीक, आणि घरातली सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती.

"बैल सोडू नका," मी म्हणालो, "मी आतोबांच्या पाया पडून त्यांना घेऊन येतो."