डाव्या पायाखालचा ठोकळा

आमच्या घरात खुर्ची नव्हती. माझे वडील, आबा, पलटणीतून हवालदार होऊन परतले ते एक लोखंडी पेटी, दोन जाड ब्लँकेटं आणि हुकूम सोडायची सवय घेऊन. पाहुणा आला की त्याला बाजेवर बसवायचं आणि बाकीच्यांनी घोंगड्यावर टेकायचं, असा रिवाज. कोरेगावजवळच्या आमच्या वाडीत तो सगळ्यांकडे तसाच होता आणि त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. त्यामुळे आबांनी सुताराला घरी बोलावून सागवानी खुर्ची करायची म्हटल्यावर शेजारपाजारचे लोक काहीबाही निमित्त काढून डोकावून गेले.

खुर्ची अक्कासाठी होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणी तिला ताप आला आणि उतरताना डाव्या पायातलं बळ घेऊन गेला. पाय बारीक राहिला, आखूडही राहिला. चालताना ती डावा हात गुडघ्यावर दाबून धरायची आणि प्रत्येक पावलाला वाकून पुन्हा सरळ व्हायची. बसलेली असली मात्र कुणीही बघत राहावं अशी दिसायची. "बसल्या जागी माझी पोरगी राणी हाय," असं आई कौतुकानं म्हणायची. मला ते ऐकून संताप यायचा, कारण त्यातलं न बोललेलंही सगळ्यांना ऐकू यायचं.

स्थळं येत. अक्का पोह्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून बाहेर पडे आणि तिथंच सगळं आटपे. पाहुणे पोहे खात, उसाचं विचारत, पावसाचं विचारत, मुलीला मात्र काही विचारत नसत. एका स्थळानं तर पोह्यांना हातही लावला नाही. ते गार पोहे अक्कानं आणि मी मिळून खाल्ले. तेव्हा ती म्हणाली होती, "मला नवरा कसा बी चालंल गं. पर माझी चूल पायजे. आईच्या चुलीपुढं म्हातारं हुयाचं न्हाई मला." तिनं आयुष्यात मागितलेली मी ऐकलेली गोष्ट ही एवढीच.

मग आबांनी पलटणीतल्यासारखा बेत आखला. मुलगी बघायचा कार्यक्रम गावात करायचाच नाही, गावात तोंडं फार. तो मिरजेला आत्याच्या घरी करायचा. स्थळही तिकडचंच, पार कर्नाटकाच्या शिवेकडचं. पाहुणे यायच्या आधी अक्का बसलेली असेल आणि ते गेल्यावरच उठेल. अडचण एकच होती. साध्या खुर्चीवर तिचा डावा पाय जमिनीला टेकायचा नाही, लोंबकळायचा. म्हणून खुर्ची अशी हवी की तीवर बसल्यावर दोन्ही पाय सारखे दिसावेत.

"आन लगीन झाल्यावर?" मी विचारलं.

"अक्षता पडल्यावर कोन माघारी धाडतंय?"

"धाडत्यात की आबा. आपल्याच वाडीत—"

"तू गप." इथं संभाषण संपलं. आबांशी कुठलंही संभाषण साधारण इथंच संपायचं.

सुतार कोरेगावच्या बाजारपेठेमागचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. बैलगाड्या, नांगर, दारांच्या चौकटी हे त्याचं रोजचं काम, पण साताऱ्यातल्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यासाठी आपण एकदा खुर्च्या केल्या, हे तो भेटेल त्याला सांगे. पान, बढाया आणि वायदे यांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आईनं सुतळीला गाठी मारून अक्काच्या पायांची मापं आधीच घेऊन ठेवली होती, कारण परक्या पुरुषानं पोरीचे पाय बघायचे म्हणजे काय! मिस्त्रीनं ती सुतळी बाजूला ठेवली. "वैनी, सुतळीला बसता येतंय व्हय? पोरगी बसल्याबिगर मला माप कळायचं न्हाई."

शेवटी अक्काला दोन पोत्यांच्या थप्पीवर बसवलं. मिस्त्रीनं खाली मान घालून तिच्या डाव्या पायाखाली एकेक फळकूट सरकवायला सुरुवात केली. एक घातलं, मग दुसरं, मग एक पातळ. दोन्ही गुडघे एका रेषेत आले तेव्हा त्यानं विचारलं, "आता कसं वाटतंय?"

अक्कानं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून पाहिले. मग म्हणाली, "कंबर दुखत न्हाई."

तिची कंबर दुखते, हे आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आई पदर तोंडाला लावून आत गेली. अक्का तशीच बसून राहिली, मिस्त्रीनं फळकुटं काढायला हात पुढे केला तरी पाय उचलेना.

घराची दारं करून उरलेलं सागवान माळ्यावर पडून होतं, ते मिस्त्री घेऊन गेला. मग त्याचे वायदे सुरू झाले. बाजार झाला की देतो, अमावास्या सरली की देतो, रंधा धार लावायला टाकलाय. दुष्काळ नुकताच सरला होता. दुष्काळी कामांवर फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याकडेला तसेच होते, त्यांना वळसा घालत आबा सायकलवरून त्याच्याकडे हेलपाटे घालायचे आणि शिव्या देत परत यायचे. आणि एकदाची खुर्ची आली तेव्हा आबांच्या तोंडून शिवी निघाली नाही.

रुंद हात, उंच पाठ, पाठीवर कोरलेली वेल. पुढच्या पायांना जोडून खाली एक बाहेर आलेली फळी, पाय ठेवायला. त्या फळीवर डाव्या बाजूला पक्का बसवलेला एक ठोकळा, निऱ्यांनी झाकला जाईल असा. अक्का बसली, आईनं निऱ्या सारख्या केल्या, आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. पायाचं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पुढचे दिवस ती संध्याकाळी शेंगा फोडायलासुद्धा त्या खुर्चीवर बसायची. खुर्चीच्या हातांना तेलाचं बोट लावून पुसायची. एकदा मला म्हणाली, "तिकडं चुलीपाशी बसाया असाच एक बुटका पाट करून घीन म्हंते." तिला आशा वाटायला लागली होती. मला त्याचीच भीती वाटत होती, कारण माझा आबांच्या बेतावर काडीचा विश्वास नव्हता.

कोरेगावहून पॅसेंजरनं निघालो. गार्डाच्या डब्यात खुर्ची टाकायला आबा तयार होईनात, वेलीला धक्का लागेल म्हणून. मग ती आमच्याच डब्यात, दोन बाकांच्या मध्ये. कराडला चढलेल्या एका बाईनं विचारलं, "रुखवताची का हो?" आबा म्हणाले, "व्हय." अक्का खिडकीबाहेर बघून हसली. ते हसू माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

आत्याच्या सोप्यात भिंतीच्या मधोमध खुर्ची मांडली. अक्काला बसवलं, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला, निऱ्या सोडल्या. आबांनी लांबून, जवळून, खाली बसून, सगळीकडून पाहणी केली. कवायतीच्या आधी करत असतील तशी. एकही चूक नव्हती. पाहुणे आले, मुलगा, त्याचे आईवडील आणि चुलते. आत आत्यानं पोहे ताटल्यांत भरले आणि ताट माझ्या हातात दिलं. "जा, दिऊन ये."

मी गेले. अक्का उठणार नव्हती, आई अवघडून चुलीपाशी बसली होती, आत्याला चहा बघायचा होता. एवढं सगळं ठरवलं होतं, खुर्चीचा इंच इंच ठरवला होता, पण पोहे कोण नेणार हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आमच्या मुलखात पोहे घेऊन येते ती नवरी. हे लहान पोरालाही कळतं. पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटल्या दिल्या, चुलत्यांनी मला समोरच्या पाटावर बसायला सांगितलं. शिकलीस किती, भाकरी येते का, शेतात जाणं आहे का. मला वाटलं, घरातली धाकटी म्हणून चौकशी चाललीय. मॅट्रिक झाले, भाकरी येते, भांगलायला जाते, असं मी सांगत गेले. मग मला मुलाची नजर दिसली, आणि ही चौकशी नवरीची आहे हे ध्यानात आलं. मी आबांकडे पाहिलं. त्यांना माझ्या आधीच कळलेलं होतं. सांगायचं तरी काय? ही नव्हे, ती, म्हटलं की पाहुणे म्हणणार, मग तिला उठवा.

मुलाची आई तेवढ्यात अक्काकडे वळली. वेलीच्या त्या थोर खुर्चीत, दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन बसलेली बाई म्हणजे घरातली मोठी लेक, माहेरपणाला आलेली, असंच तिला वाटलं असणार. तिनं अगदी मायेनं विचारलं, "तुमचं सासर कुठलं म्हणायचं?"

अक्कानं निऱ्यांवरचा हातसुद्धा उचलला नाही.

"कोरेगावच," ती म्हणाली.

पाहुणे जाईपर्यंत ती तशीच बसली होती, ताठ. गेल्यावरही बसून राहिली. आबा अंगणात उभे राहून विडी ओढत होते. ते आत आलेच नाहीत.

मुलगी पसंत असल्याचा निरोप चार दिवसांत वाडीवर आला. मी म्हटलं, जीव गेला तरी करणार नाही. थोरलीच्या आधी धाकटीचं झालं की थोरलीची वाट कायमची बंद होते. प्रत्येक नवं स्थळ आधी तेच विचारतं, हिचं का राहिलं? मी जेवण सोडलं, आबांना नाही नाही ते बोलले. पलटणीत पोरी नसत्यात म्हणून तुम्हाला काय कळतंय, असंही बोलले. आबांनी पहिल्यांदाच 'तू गप' म्हटलं नाही. "एक तरी पार पडू दे," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

मिटवलं ते अक्कानंच. रात्रीची भांडी घासताना म्हणाली, "कर तू. मला परत ती खुर्ची रेल्वेत चढवायची न्हाई."

लग्न झालं. नवरा वाईट निघाला असता तर मला निदान कुणावर तरी ओरडता आलं असतं. पण माणूस चांगला. अक्काचं सगळं त्याला लग्नातच कळलं, आणि तो एका अक्षरानं काही बोलला नाही. पुढे अक्काला एकही स्थळ आलं नाही. माझा यात काही दोष नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेवढ्यानं काही हलकं होत नाही.

पहिल्या दिवाळसणाला आम्ही दोघं वाडीवर गेलो. जावई बाजेवर कसा बसणार? घरात खुर्ची आहे ना! अक्का तिथंच शेंगा फोडत बसली होती. आईनं नुसतं बघितलं, तशी ती उठली आणि भिंतीशी पोत्यावर जाऊन बसली. हे खुर्चीत बसले, पाय पुढे केले आणि घोटा ठोकळ्यावर आपटला. "हे काय मधीच?" ते सहज म्हणाले. तो ठोकळा कशासाठी, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी सांगणार, तोच अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं की मी फराळाचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

आबांनी दुपारीच मिस्त्रीला बोलावणं धाडलं, जावयाच्या पायाला लागतंय म्हणून. वायद्यांचा राजा तो, पण दिवाळीचा फराळ मिळणार म्हणून लगेच आला. त्यानं ठोकळ्यावर खालून दोन ठोके घातले. निघेना. "बसवला हुताच तसा," तो अभिमानानं म्हणाला. मग पटाशी लावली. ठोकळा सुटून बाहेर पडला, फळीवर त्याची फिकट चौकट तेवढी राहिली. अक्कानं हात पुढे केला. "मला द्या तो."

मला वाटलं, जपून ठेवील. कंबरेला आराम पडावा म्हणून कुठंतरी बसताना पायाखाली घेईल. मनात म्हटलं, तेवढं तरी तिचं राहील.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी न्हाणीकडे गेले. पाणी तापवायच्या चुलीपुढं अक्का डावा पाय पसरून बसली होती. जाळात शेणी होत्या, आणि शेणींच्या मध्ये ठोकळा, तीन बाजूंनी लाल झालेला. मी तिच्याजवळ खाली बसले. तिनं काटकीनं तो आणखी आत सारला.

"चांगलं सागवान हुतं," ती म्हणाली. "लय येळ जळतंय. जा, त्यास्नी उठीव आंघुळीला. पानी तापलंय."

मी उठवायला गेले.